खालची रेघ

कुमामोतो, ७ फेब्रुवारी २०१६

चिनात्सु,

पत्राच्या सुरुवातीला हवेचं लिहायचं असतं, म्हणून लिहितो. इथे थंडी आहे. तुझ्या साप्पोरोसारखी बर्फाची नाही. आरिआके समुद्रावरून ओली येते आणि मोज्यांत शिरते तसली. झालं हवेचं.

नववर्षाला तू भांडून गेलीस त्याला महिना उलटला. फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवरच्या माझ्या निरोपांखाली 'वाचले' एवढं उमटतं आणि पुढे काहीच येत नाही. म्हणून कागद. फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावाच लागतो.

तुझी आई बरी आहे. दुकान चालू आहे. म्हणजे फक्त सकाळी. म्हणजे ओळखीच्या बायका आल्या तर. खरं सांगायचं तर इनादा आजी येते तेव्हा. त्या आजीचे केस मूठभरच उरलेत, त्यामुळे कापायला फार वेळ लागत नाही. गेल्या आठवड्यात ताई तिचं डोकं धूत होती आणि आजी किंचाळली, "साएको, मला उकडून काढतेस की काय!" पाणी किती गरम आहे ते ताईला कळलंच नव्हतं. आतापर्यंत हा बधिरपणा पायांपुरता होता. तेव्हापासून पाण्याला हात लावायचं काम आजी करते आणि डोकं धुवायचं ताई. दोघी यावर हसतात. मी हसत नाही म्हणून मला बाहेर बसवतात.

आता तुझा मुद्दा. तू म्हणालीस, "मामा, आईच्या रक्ताचा फक्त एक थेंब. मशीन तुझ्याच प्रयोगशाळेत, तुझ्याच टेबलावर आहे. दुपारभरात कळेल." खरंय. दुपारही लागणार नाही. आपल्या आजाराचं मूळ मी ताईला एकदा दुकानात समजावलं होतं, तेव्हा तू नव्हतीस, म्हणून पुन्हा सांगतो. यकृत एक प्रथिन तयार करतं. त्याचे चार-चार तुकडे हात धरून, रिंगण करून रक्तातून फिरतात. आपल्या घराण्यात त्या प्रथिनाच्या कृतीत एक अक्षर चुकलंय, म्हणून हातांची पकड सैल. रिंगण सुटतं. सुटलेले तुकडे वाकडे होतात, एकमेकांना चिकटतात आणि बारीक धाग्यांसारखे नसांत साचत जातात. आधी पायांच्या, मग हातांच्या, पुढे हृदयात. ती कृती यकृतात एका चिठ्ठीवर उतरून येते. नवं औषध ती चिठ्ठीच कापून टाकतं. चिठ्ठी नाही तर प्रथिन नाही. हे ऐकून तुझी आई म्हणाली होती, "म्हणजे कात्रीच की! जन्मभर हातात धरली, आता पोटात घ्यायची."

माझ्या उंदरांत ही कात्री चालली. माणसांत चालते की नाही, ते ताई ज्या चाचणीत आहे तिच्यातून कळायचंय. तिघांपैकी दोघांच्या बाटलीत औषध आणि एकाच्या बाटलीत मिठाचं पाणी. कुणाच्या बाटलीत काय, हे ताईला ठाऊक नाही, काताओका डॉक्टरीणबाईंना नाही आणि मलाही नाही. ताईच्या रक्तात ते प्रथिन खाली गेलेलं दिसलं तर औषध, नाहीतर पाणी. इतकं सोपं आहे ते. म्हणूनच बघायचं नाही. पाणी मिळालेला प्रत्येक जण उठून गेला तर कात्री चालते की नाही हे कुणालाच कधी कळणार नाही.

"तुला ताई नको, आकडा हवाय," असं तू म्हणालीस. त्यावर मी गप्प बसलो कारण तोंडात तांदळाची चिकट मोची होती. हसू नकोस, खरंच होती. ती गिळून झाल्यावरही मला उत्तर सुचलं नाही, ती गोष्ट वेगळी.

शिवाय ताईने मला बजावलंय, "बघितलंस तर या घरात जेवायला यायचं नाही." आणि ती म्हणते औषधच मिळतंय. सुई लावली की चेहरा लाल होतो, अंग तापतं. सगळ्या गल्लीला सांगून झालंय.

मीच तिला या चाचणीत ढकललं, असं तुला वाटतं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. वाटू दे.

शूहेइमामा


कुमामोतो, २२ मे २०१६

चिनात्सु,

तुझं खोकं पोचलं. सुकं सूप, बॅटऱ्या, लोकरी मोजे आणि तुझ्या बेकरीतले तीन पाव, जे वाटेत विटेसारखे झाले होते. ते आम्ही चहात बुडवून खाल्ले. आत चिठ्ठी असेल म्हणून ताईने प्रत्येक पाकीट उलटं करून झटकलं. नव्हती. "माझ्यावर गेलीय," म्हणाली आणि दिवसभर खुशीत होती. खोक्यावरचा तुझ्या अक्षरातला पत्ता तिने कापून ठेवलाय. मी हे सांगितलं असं तिला सांगू नकोस. तिच्याशी तरी बोलतेस ना?

भूकंपाच्या बातम्या तू पाहिल्याच असशील. आपलं घर उभं आहे, दुकानाचे आरसे गेले. आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत झोपत होतो. जमीन पुन्हा हलली की सगळे ओरडायचे. ताई जागेवर बसून म्हणायची, "मला तर काही फरक कळत नाही बाई. माझ्या पायांखालची जमीन गेल्या वर्षापासूनच हलतेय." शेजारच्या चटईवरचा म्हातारा इतका हसला की त्याची कवळी निसटली. अशी लोकप्रिय आहे तुझी आई. पण उठताना आता दोन माणसं लागतात. त्यातला एक मी. दुसरा तो म्हातारा.

सुई एकदाही चुकली नाही. रस्ता खचला होता, लांबच्या वाटेने गाडी नेली.

प्रयोगशाळेचं काय झालं ते लिहायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. लिहितो. इमारतीला भेगा गेल्या, वीज नव्हती, गोठवलेलं सगळं वितळलं. त्यात तुझ्या आजीची एक नळी होती.

हे तुला माहीत नाही. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. गावात आपल्या घराला 'पाय वाळणाऱ्यांचं घर' म्हणायचे. बायका आमच्याकडून परत आलेली भांडी उकळून घ्यायच्या. बाबांनी कुणालाही न विचारता आईचं शरीर विद्यापीठाला तपासायला दिलं. म्हणाले, "निदान कुणीतरी तिला हात लावेल." पुढे मी त्याच विद्यापीठात शिकायला गेलो. एक दिवस गोठवलेल्या नळ्यांच्या रांगेत आपल्या गावाचं नाव, ते वर्ष आणि वय असलेली एक नळी हाताला लागली. पायाची नस. मी कुणाला काही बोललो नाही. घराण्यातलं चुकलेलं अक्षर मी पहिल्यांदा वाचलं ते तिच्यातच. इतकी वर्षं तिच्यातलं केसाएवढं-केसाएवढं वापरत आलो, संपू नये म्हणून.

आता ती नळी मऊ पडली होती. कशाच्याही कामाची नव्हती.

व्यायामशाळेत ताईला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे आई इतकी वर्षं तुझ्या फ्रिजमध्ये होती, आणि मी मूर्खासारखी दर ओबोनला, पितर घरी येतात म्हणून, थडग्यावर फुलं वाहत होते?"

"बरीचशी थडग्यातच होती गं."

"पायच नव्हता ना तिचा! मग ती यायची कशी घरी?"

आम्ही दोघं हसत सुटलो आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग मलाही. परवानगी काढून ते उरलेलं दहन केलं आणि थडग्यात ठेवलं. मठातल्या भटजींनी विचारलं, कोण आहे? ताई म्हणाली, "आईच आहे, थोडी उशिरा आली."

तुझ्या मोज्यांबद्दल धन्यवाद. मी घालतोय. ताईला तिचे ऊबदार लागतात की नाही ते कळत नाही, पण रंग आवडला म्हणते.

मामा


कुमामोतो, १३ नोव्हेंबर २०१६

चिनात्सु,

आजचं पत्र माझं नाही. ताई सांगतेय, मी लिहितोय. तिची बोटं आता पेन धरत नाहीत. हे तुला कळवायचं नव्हतं, पण ती म्हणाली, लिही. इथून पुढे ती बोलतेय.

चिना, आधी सांग, केस कुणाकडून कापून घेतेस? मागच्या खेपेला मागून कुरतडल्यासारखे दिसत होते. साप्पोरोला माणसं कापतात की उंदीर? मामाला विचारू का, त्याचे काही तिकडे गेलेत का?

दुकान बंद केलं. खुर्ची विकली नाही, मी तीतच बसते. बसल्या बसल्या रस्ता दिसतो. जेवण पोटात राहत नाही. हाही या आजाराचाच भाग आहे म्हणतात. मामा रताळ्याचे दांगो, ते गोड गोळे, आणतो, मी दोन घास खाते, बाकीचे तो खातो. तो जाडा झालाय.

(झालेलो नाही. शूहेइ.)

तू दर रविवारी मला फोन करतेस आणि दर रविवारी मामाचं नाव निघालं की तुझा आवाज थंड पडतो. पुरे झालं आता. ऐक. मामाने मला चाचणीत ढकललं नाही. तो नकोच म्हणत होता. याच जमिनीवर गुडघे टेकून म्हणाला, "ताई, यकृत बदलून घे. तो मार्ग माहितीचा आहे, माझ्या औषधाचं अजून काही खरं नाही." स्वतःच्या औषधाबद्दल असं म्हणणारा माणूस तू पाहिलायस का कुठे?

पण यकृत आणायचं कुणाचं? मेलेल्या माणसाचं मिळायला आपल्या देशात जन्म जातो. घरच्याच कुणीतरी तुकडा द्यायचा. मामाने स्वतःचं पुढे केलं, ते घेतलं नाही. लहानपणची कावीळ त्याच्या रक्तात अजून लपून बसलीय. तुझा बाप तर माझ्या आईची गोष्ट कळली तेव्हाच निघून गेला. उरलीस तू. आणि तू तर लगेच बाही वर करून तयार.

तुझं यकृत घ्यायचं तर आधी तुझं रक्त तपासायला हवं. ते चुकलेलं अक्षर तुझ्यात आहे की नाही. असलं तर तुझं यकृत मला चालायचं नाही, आणि तुला मात्र कळून बसेल. नाणं उडवायचं आणि तेही माझ्यासाठी! तू तेव्हा बावीस वर्षांची होतीस. माझी आई पडायला लागली तेव्हापासून मी रोज सकाळी उठले की पायाची बोटं चिमटून बघायचे. आज दुखलं, चला, आजचा दिवस मिळाला. लग्नाच्या दिवशीही चिमटा काढला. तू पोटात होतीस तेव्हाही. तसली सकाळ माझ्यामुळे तुझ्या वाट्याला यावी हे मला नको होतं. तुला जाणून घ्यायचं असेल तर तुझ्या मर्जीने, तुझ्या वेळी घे. नसेल तर कधीच घेऊ नकोस.

हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू हट्टाने तपासून घेतलं असतंस. म्हणून मामाच्या नावावर घातलं. त्याला म्हटलं, तुझी पाठ रुंद आहे, घे.

(रुंद नाही. शूहेइ.)

मध्ये बोलू नकोस रे, मी काय सांगत होते ते विसरते.

आणि आता का सांगतेय? कारण आता माझं वजन इतकं उतरलंय की कुठलाही सर्जन मला हात लावणार नाही. तुझं यकृत आता माझ्या काही कामाचं नाही, चिना. तुझं तुझ्यापाशी ठेव आणि दारू कमी पी.

केस नीट कापून घे.

ताईचं इथे संपलं. तिला झोप लागलीय. मी तिला म्हटलं होतं की हे सांगायलाच हवं असं नाही, माझं बरं चाललंय. ती म्हणाली, "तुझं नाही रे, तिचं बरं चाललेलं नाही." म्हणून पाठवतोय.

मामा


कुमामोतो, ५ नोव्हेंबर २०१७

चिनात्सु,

ताईने तुला फोनवर सांगितलं असेल, पण तिने ते कसं सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, म्हणून मीही लिहितो.

चाचणी वसंतातच संपली होती. तेव्हापासून सगळ्यांना खरं औषध मिळतंय. पण आधी कुणाला काय मिळालं, ते शुक्रवारी उघडलं. काताओकाबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या नेहमी बोलायला सुरुवात करताना संगणकाकडे बघतात. त्या दिवशी बघितलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

पाणी. दीड वर्ष ताईला मिठाचं पाणी मिळालं.

ताईने विचारलं, "मग तो चेहरा लाल व्हायचा तो?"

बाई म्हणाल्या, "सुईच्या आधी ज्या गोळ्या देतो त्यांनी होतो तसं. त्या सगळ्यांनाच देतो."

"शी! मी तर इनादा आजीला सांगत होते, औषध कसं अंगात भिनतंय ते. आता तिला काय तोंड दाखवू?"

कुणीच हसलं नाही तेव्हा तिने विचारलं, "आणि बाकीच्यांना? ज्यांना खरं मिळालं त्यांना लागू पडलं का?"

मीच सांगितलं. "लागू पडलं, ताई. बहुतेकांचा आजार तिथेच थांबला. काही जण तर आधीपेक्षा बरे चालतात."

"तुझं औषध चालतं?"

"माझं एकट्याचं नाही. पण चालतं."

"मग झालं तर. कुणीतरी पाणी घ्यायलाच हवं होतं ना," ती म्हणाली. बाईंकडे वळून तिने मान लववली, "इतके दिवस सांभाळून घेतलंत." काताओकाबाई उठून खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ पडद्याची दोरी ओढत राहिल्या. पडदा उघडाच होता.

मी हे असंच लिहून थांबणार होतो. पण तू मला विचारशील, किंवा विचारणार नाहीस आणि ते जास्त वाईट. म्हणून पुढचंही सांगतो. आम्ही घरी निघालो. शिराकावा नदीवरच्या पुलावर आलो तेव्हा म्हणाली, "शूहेइ, तू बघितलं असतंस तर मी काय केलं असतं रे?"

मी गाडी चालवत राहिलो. काय सांगणार होतो? गेल्या वर्षी नववर्षाला कळलं असतं, तर तेव्हा ती अजून भिंत धरून चालत होती. वजनही होतं. कदाचित यकृताचा विचार पुन्हा झाला असता. कदाचित तिने तुझ्यासाठी तेव्हाही नकोच म्हटलं असतं. तिला हे सगळं माझ्याइतकंच कळतं. तिने पुन्हा विचारलं नाही. घरी आल्यावर तिला उचलून खुर्चीत ठेवताना माझ्या कानाशी म्हणाली, "बरं केलंस, बघितलं नाहीस ते." मला वाटतं, ते तिने माझ्यासाठी म्हटलं.

तू बरोबर होतीस की नव्हतीस हे मला अजून ठरवता येत नाही. चाचणीत बाकीची माणसंही होती, त्यांच्याही भाच्या असतील, हे मी स्वतःला सांगतो. दिवसा ते पटतं.

जमलं तर नववर्षाला ये. मी त्या दिवसांत परिषदेला जाईन, म्हणजे तुला घरात मोकळं वाटेल. परिषद कुठली ते विचारू नकोस.

मामा


कुमामोतो, १८ मार्च २०१८

चिनात्सु,

ताईचं सगळं आटोपून तू विमानतळावर निघालीस तेव्हा मी गाडी काढायला गेलो होतो. परत आलो तर दारात फक्त तुझ्या चपला नव्हत्या. बसने गेलीस असं इनादा आजीने सांगितलं.

ताईचं हृदय का थांबलं, हे तू काताओकाबाईंना विचारलंस. त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. औषध नवे धागे होऊ देत नाही, पण जे आधीच साचलेत ते काढून नेत नाही. तिच्या हृदयात ते खूप होते. शेवटचे महिने तिचं खालावणं थांबलं होतं, हे मात्र खरं. डिसेंबरात तिने मला डाव्या हाताने थोबाडीत मारली, "तू नववर्षाला परिषदेला जातोयस ना, मग घरात काय करतोस?" म्हणून. त्यात पूर्वीपेक्षा कमी जोर नव्हता. मी ते काताओकाबाईंना सांगितलं आणि त्यांनी खरोखरच लिहून घेतलं.

तुम्हा दोघींना नववर्षाचे दिवस मिळाले, याचं मला बरं वाटतं. ती सांगत होती, तू तिचे केस कापलेस. तिला हवे तसे झाले नव्हते, पण तिने तुला तसं म्हटलं नाही. "पहिल्यांदाच तोंड आवरलं बघ," असं मला म्हणाली.

स्मशानात तू आणि मी समोरासमोर उभे होतो. दोघांच्या हातांत अस्थी वेचायच्या लांब काड्या होत्या. पायाचं हाड आपण दोघांनी मिळून उचललं. ते किती हलकं होतं. कलशापर्यंत नेताना ते निसटेल अशी मला भीती वाटत होती, आणि तू अगदी हळू म्हणालीस, "मामा, माझ्या बाजूने धरलंय मी." दोन वर्षांत माझ्याशी बोललेलं तुझं ते पहिलं वाक्य. बाहेर आल्यावर दुसरं म्हणालीस, "तू बघायला हवं होतंस."

मी "हो" म्हटलं. ते 'हो' म्हणजे तुझं म्हणणं मान्य, असं नव्हतं. नाही असंही नव्हतं. तुझ्या आईचा चेहरा तेव्हा नुकताच गेला होता आणि तू ज्या काही शब्दांत रडली असतीस त्याला मी 'हो'च म्हणालो असतो.

तिने जाण्याआधी सही करून ठेवली होती. तिची नस आणि हृदयाचा तुकडा विद्यापीठाकडे गेला. तुला हे काताओकाबाईंनी सांगितलं आणि तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. म्हणून कळवतो, नळी माझ्या सहकाऱ्याकडे आहे. तिच्यावर कुठला क्रमांक आहे, ते मी विचारलेलं नाही.

दुकानाची खुर्ची घेऊन जायला कुणी यायचं म्हणतंय. तुझ्या परवानगीशिवाय देत नाही. उत्तर दे. फक्त खुर्चीबद्दल दिलंस तरी चालेल.

मामा


कुमामोतो, १ डिसेंबर २०१९

चिनात्सु,

खुर्चीबद्दल तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून ती अजून तिथेच आहे. पण परवा तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते न फोडता मी प्रयोगशाळेत नेलं, परत घरी आणलं. फोडलं तेव्हा आत चार ओळी.

तू साप्पोरोला, कुणाला न सांगता, तपासून घेतलंस. तुझ्या मर्जीने, तुझ्या वेळी. ताईला हवं होतं तसंच. ते अक्षर तुझ्यात आहे. आणि उन्हाळ्यापासून तुझ्या उजव्या पायाचा अंगठा बधिर आहे.

त्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

तू विचारलंयस, "औषध आता सगळ्यांना मिळतं म्हणतात, ते खरं का?" खरं आहे. या वर्षीपासून कुठल्याही चाचणीविना, सरकारी विम्यावर. दर तीन आठवड्यांनी एक सुई. तुझा आजार अगदी सुरुवातीला आहे. या टप्प्यावर ज्यांना सुरू झालं त्यांच्यातले बहुतेक जण अजून आपापल्या पायांनी कामावर जातात. हे मी तुला मामा म्हणून धीर द्यायला सांगत नाही. ज्या माणसाला तू 'आकडा हवाय' म्हणाली होतीस, तोच सांगतोय.

आणखी एक सांगतो. पाच-सहा महिन्यांमागे मला विद्यार्थ्यांना हे औषध शिकवायचं होतं. चाचणीचा निकाल छापून आलाय, त्यातलं चित्र भिंतीवर दाखवलं. दोन रेघा आहेत. वरची रेघ औषध घेणाऱ्यांची. ती सरळ जाते, शेवटी किंचित वरही चढते. खालची रेघ पाण्याची. ती खाली-खाली घसरत जाते. मी एरवी म्हणतो तसं म्हणालो, "आता या दोन रेघांमधलं अंतर बघा, सगळं त्यातच आहे." आणि खालच्या रेघेवर बोट ठेवून तिथेच थांबलो. खालच्या रेघेत ताई आहे, चिनात्सु. नाव नाही, गाव नाही, पण ती रेघ जिथे वळते तिथे तिने भिंत सोडली असेल, जिथे आणखी वळते तिथे कात्री ठेवली असेल. खालची रेघ नसती तर वरच्या रेघेवर जगात कुणीच विश्वास ठेवला नसता. सरकारने नाही, काताओकाबाईंनी नाही, मीही नाही. तुझ्या हातात जी सुई लागेल ती तिथून आलीय. विद्यार्थ्यांना मी हे सांगितलं नाही. घसा बसलाय म्हणून वर्ग सोडला.

तू इथेच येऊन औषध सुरू करायचं म्हणतेस. काताओकाबाईंशी बोललोय. त्यांनी तुझं नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "साएकोबाईंची मुलगी? तिला म्हणावं, सकाळची वेळ देते, तेव्हा खोलीत ऊन असतं." इथे दोन चांगल्या बेकऱ्या आहेत, त्यांना माणसं हवीच असतात. इनादा आजी अजून आहे. आपले केस कापायला कुणी नाही म्हणून गावभर तक्रार करत फिरते.

विमान कुठलं ते कळव, मी घ्यायला येतो. या वेळी बसने जाऊ नकोस. तुला बोलायचं नसेल तर गाडीत गप्प बस, मी रेडिओ लावीन.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला रडू आलं नाही. मी घरात उगाच भांडी धूत बसलो. शाळकरी पोर असताना आईचं ते पाहिलं तेव्हापासून, हे औषध निघावं, कुणाला तरी वेळेवर मिळावं, एवढ्यासाठी मी आयुष्य घातलं. ते मिळालं. ज्याला मिळेल त्याचा चेहरा मी मनात कितीदा काढला असेल. कधी म्हातारा, कधी कुणाची तरी आई, कधी एखादा कोळी. तो चेहरा तुझा मात्र मी एकदाही होऊ दिला नव्हता.

तुझा मामा